शिडी जाताना मी पाहिली होती

सासरच्या मळ्यात पोहायचा हौद आहे असं सांगितलं की सांगलीच्या मैत्रिणी माझ्याकडे नव्यानं बघायच्या. त्या काळात आमच्याकडे पोहायचं म्हणजे नदीत, नाहीतर विहिरीत. घरचा हौद ही सिनेमातली गोष्ट. मग त्या विचारायच्या, "रोज पोहतेस?" आणि मी काहीतरी बोलून विषय बदलायची. खरं सांगायचं तर चार वर्षांत त्या पाण्यात मी एकदाही उतरले नव्हते. पाणी काढून टाकलं की मात्र हौद सगळा माझाच असायचा.

सासर उंब्रजपासून दोन-अडीच मैलांवर, चारी बाजूंनी ऊस. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तोफखान्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. उंच, ताठ, आणि डाव्या कानानं ठार बहिरे. एक कान तोफेनं नेला आणि दुसरा हट्टानं, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हळूच म्हणायच्या. नवराही फौजेत, तेव्हा पंजाबात होता. तो वर्षातून दोन महिने घरी. बाकीचे दहा महिने मी, आत्याबाई, मामंजी, एक गडी आणि हौद.

हौद मुळात उसाचा. विहिरीचं पाणी त्यात साठवायचं आणि पाटानं रानात सोडायचं. मामंजींनी निवृत्त झाल्यावर तो वाढवला, आतून गुळगुळीत गिलावा केला, लोखंडी शिडी बसवली आणि त्याला पोहायचा हौद म्हणायला सुरुवात केली. खोली सगळीकडे सारखी, साडेआठ फूट. उथळ बाजू नाही, पायऱ्या नाहीत, आत उतरायला आणि बाहेर यायला ती एक शिडी. उन्हाळ्यात पुतणे, भाचे, मामंजींचे फौजेतले दोस्त पोहायला यायचे. मामंजी काठावर पाय सोडून बसायचे आणि कोण कसं सूर मारतो ते बघायचे. बायकांनी चहा आणून ठेवायचा आणि आत जायचं.

मी सांगलीची, घाटापासून हाकेच्या अंतरावर वाढलेली. पाठीला डबा बांधून भावानं मला कृष्णेत ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. दहाव्या वर्षी पैलतीर गाठून परत येत होते. हे सासरी कुणाला सांगायचा प्रसंगच आला नाही. तिथं मी मामंजींसमोर तोंडच उघडत नव्हते. तशी रीतच होती. सासऱ्यासमोर सुनेनं पदर घ्यायचा, मान खाली घालायची आणि बोलायचं काही असलं तर सासूला सांगायचं, तेही ते बाहेर गेल्यावर. मामंजींनाही मला काही सांगायचं असलं की ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आत्याबाईंना सांगायचे, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एकाच घरात राहून आमचं बोलणं असं तिसऱ्याच्या पत्त्यावर चालायचं.

दिवाळी झाली की मामंजी हौद 'थंडीसाठी बंद' करायचे. उंब्रजला काही बर्फ पडत नाही. गावातले लोक हसायचे, सुभेदारांचा हौद आता स्वेटर घालणार म्हणायचे. पण मामंजींचं वेळापत्रक ठरलेलं. पाणी उसाला सोडायचं. तळाशी दीड फूट राहतं ते बादल्यांनी उपसायचं. शेवाळ काथ्यानं घासून काढायचं, भेगा सिमेंटनं भरायच्या आणि भिंतींना चुना आणि मोरचूद मिसळून हात द्यायचा. द्राक्षबागवाले फवारतात तेच ते निळसर मिश्रण, त्यानं शेवाळ धरत नाही. लोखंडी शिडी काढून तिला लाल रंग द्यायचा. हे सगळं एका दिवसात, कारण काळ्या रानात हौद रात्रभर रिकामा ठेवला तर सुकणारी माती भिंतीला ओढून भेगा पाडते. म्हणून संध्याकाळी वीज आली की मोटर लावून अर्धा हौद भरायचा आणि वर ताडपत्री ओढायची. मगच हौद बंद झाला असं धरायचं.

पहिल्या वर्षी हे काम मी आपणहून अंगावर घेतलं. मला त्या हौदात निदान उभं राहायचं होतं. घासलं इतकं चांगलं की मामंजींनी दारात उभं राहून आत्याबाईंना सांगितलं, पुढच्या वर्षीपासून गड्याला आत उतरवू नको, सूनबाईंच्या हाताला सर नाही. झालं. मी माझ्याच हातानं स्वतःला त्या खड्ड्यात उतरवून घेतलं. तेव्हापासून माझी भाऊबीज गेली. सांगलीहून भाऊ न्यायला यायचा आणि मामंजी म्हणायचे, हौद बंद झाल्यावर बघू. हौद बंद होईपर्यंत भाऊबीज होऊन आठवडा झालेला असायचा.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत सांगलीतल्या विश्रामबागच्या एका मुलींच्या शाळेतून मला पत्र आलं. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या, त्यांच्या जागी एप्रिलअखेरपर्यंत शिकवायला येता का? मी लग्नाआधी बी.एड. झाले होते आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांच्या खाली पडलं होतं. सोमवारी अकरा वाजता हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. नवऱ्यानं पत्रातून कळवलं, दादांना विचार. दादा म्हणजे मामंजीच. आत्याबाईंनी दादांना विचारलं. मामंजी दारात आले आणि आत्याबाईंकडे बघत मला म्हणाले, "हौद बंद झाल्यावर बघू."

हौद बंद करायचा शनिवार उजाडला. मी पहाटे पाचला उतरले. इतकं वेड्यासारखं मी कधी घासलं नसेल. हात सोलले, नखांत मोरचूद गेलं. मला वाटत होतं, आज एक रेघ जरी शेवाळाची राहिली तरी माझी सांगली गेली.

लोखंडी शिडी गवतावर ओल्या रंगात पडलेली, म्हणून आत-बाहेर करायला शेजारच्या गुऱ्हाळावरून बांबूची शिडी मागून आणली होती. चारला ती परत पोचवायचा मामंजींनी शब्द दिला होता. गड्याला सकाळीच हुकूम मिळाला होता. सूनबाई काष्टा मारून आत काम करणार, हौदात डोकावायचं नाही. चार वाजता यायचं, दोनदा खाकरायचं, आतून कुणी काही म्हटलं नाही तर पाठ करून शिडी ओढायची आणि गुऱ्हाळावर न्यायची. गडी फार सरळ माणूस. त्याला सांगितलं तेवढंच तो करायचा, आणि मामंजींना तो त्याचसाठी आवडायचा.

पावणेचारला शेवटची बादली मी वर ठेवून आले. मी काष्टा सोडला, पदर घेतला आणि कोपऱ्यात उभी राहिले. मामंजी तपासणीला उतरले. अंगात फौजेतली खाकी जर्सी, गुडघा दुखत असल्यानं एकेक पायरी मोजत. त्यांनी भिंतीवरून अंगठा फिरवला, अंगठा बघितला, पुढे सरकले. पलीकडच्या कोपऱ्यात ते माझ्याकडे पाठ करून भेग बघत होते तेव्हा वर गडी खाकरला. थोड्या वेळानं पुन्हा खाकरला.

मामंजींना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. मग शिडी हलली. ती माझ्या डोळ्यांदेखत एकेक पायरी वर जात होती आणि मी बघत होते. "थांबा" एवढाच शब्द पुरला असता. तो मी म्हटला नाही. सासरे समोर उभे असताना आवाज चढवायचा, तोही परक्या पुरुषाला हाक मारायला. शिडीचं शेवटचं टोक काठावरून दिसेनासं झालं. मी तोंडावर पदर धरून तशीच उभी.

मामंजींनी तपासणी पुरी केली, वळले आणि जिथं शिडी होती तिथल्या भिंतीकडे बघत राहिले. मी बोट वर केलं.

ते ओरडले. गड्याला, आत्याबाईंना, मग नुसतंच. पण गुऱ्हाळाचं इंजिन फटफटत होतं, गडी तिथं रस प्यायला बसला असणार, आणि आत्याबाई घराच्या पलीकडच्या अंगाला चुलीपाशी. त्यांचा आवाज हौदातच फिरत होता. घसा बसल्यावर मामंजी थांबले.

"शिडी जाताना तू बघितलीस?"

हे त्यांनी मला विचारलं. आत्याबाईंना नाही, दाराला नाही, मला. मी मान हलवली.

"मग बोलली का न्हाईस?"

मी पायाच्या बोटांकडे बघत होते. का बोलले नाही ते सांगायला बोलावं लागणार होतं.

"बोल की आता."

"तुमच्यासमोर बोलत नाहीत," मी म्हणाले.

चार वर्षांतलं त्यांच्याशी माझं हे पहिलं वाक्य.  ते भिंतीला पाठ लावून दुखरा पाय लांब करून खाली बसले. "गडी हुकमाचा पक्का, सून हुकमाची पक्की," ते म्हणाले, "आन सुभेदार खड्ड्यात."

मला हसू आलं ते मी पदरात लपवलं. पण मग वर बघितलं. साडेआठ फूट भिंत. मामंजींच्या खांद्यावर उभी राहिले तर माझे हात सहज काठावर पोचले असते, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. त्यांनाही कळलंच असणार, तोफांचा अंदाज घेण्यात उमर गेलेली. पण सासऱ्याच्या अंगाला पाय लावायचा, हे दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघणार होतं? चुकून पाय लागला तर मी तीनदा नमस्कार करणारी. म्हणून आम्ही दोघं नव्या चुन्याच्या वासात गप्प बसलो. ऊन पूर्वेच्या भिंतीवरून वर सरकत होतं आणि माझा सोमवार त्याच्याबरोबर चालला होता. ताडपत्री ओढल्याशिवाय हौद बंद झाला असं मामंजी धरणार नव्हते, आणि बंद झाल्याशिवाय 'बघू'सुद्धा होणार नव्हतं. मला त्या माणसाचा मनापासून राग आला.

"लय चांगलं घासलंस," ते एकदम म्हणाले. त्यांचा हात भिंतीवर होता. "मीबी घासायचो. शिपाई होतो तवा. तिकडं उत्तरेला छावणीत साहेब लोकांचा हौद हुता. थंडी पडायच्या आत बंद करायचा, आन आमी चाळीस जणांनी त्यो घासायचा. हाताला भेगा पडायच्या. तवाच ठरवलं, आपला सोताचा हौद करायचा."

"मग उन्हाळ्यात तुम्ही पोहायचा का त्यात?" मी विचारलं. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं सोपं जातं.

"छ्या. आमाला उतरायची परवानगी नव्हती. आमी नुसतं घासायचं."

"मी पण चार वर्षं घासतेय," मी म्हणाले. "मला पण उतरायची परवानगी नाही."

हे बोलून मी स्वतःच घाबरले. मामंजी माझ्याकडे बघत होते. पदराआडून मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता आणि पदर सारायची हिंमत नव्हती. त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात काठावरचा पाइप दोनदा खोकला आणि त्यातून पाण्याचा लोट आत पडला. पाच वाजले होते, वीज आली होती. वीज आली की हिरवं बटण दाबायचं, असा आत्याबाईंना हुकूम होता; बंद कधी करायचं ते मामंजी सांगायचे.

मामंजी भिंत धरून उठले. पाणी बाहेर काढायची सोय नव्हती, पाटाच्या तोंडाचा खुंटा उताराच्या बाजूनं, बाहेरून ठोकलेला आणि तोही दीड फुटांवर. पाणी तळव्यांना लागलं, मग घोट्यांना. थंडीतलं विहिरीचं पाणी कोमट असतं. चार वर्षांनी माझ्या पायाभोवती इतकं पाणी येत होतं आणि मला ते अंगभर हवं होतं. मनाशी हिशेब मांडला, दोन-तीन तास असंच गप्प राहायचं. मग पाणी मला आपोआप वर नेईल, आणि पोहलीस का म्हणून कुणी विचारूही शकणार नाही. त्या क्षणी मला सांगलीचीसुद्धा आठवण नव्हती.

मग मी मामंजींकडे पाहिलं. ते पाठ भिंतीला चिकटवून उभे होते. दोन्ही तळवे मागे, ओल्या चुन्यावर. तोफखान्यातला सुभेदार पोटरीएवढ्या पाण्याकडे असा बघत होता की माझा हिशेब तिथंच पुसला गेला.

"मामंजी, मला पोहता येतं," मी म्हणाले. "घाबरू नका. मी धरीन तुम्हाला."

"मला येत न्हाई," ते म्हणाले. "कुणाला सांगू नगंस."

काठावर पाय सोडून बसलेले मामंजी, सुरांना शाबासकी देणारे मामंजी. इतक्या उन्हाळ्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चहा ठेवून आत जाणाऱ्या माझ्याही नाही.

पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून वाकले. "ठेव पाय खांद्यावर."

"पाय कसा लावू?"

"हुकूम हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "न्हाई, हुकूम न्हाई. ठेव पोरी."

मी पदर कमरेला खोचला. ओल्या, चुन्या-मोरचुदानं भरलेल्या पायानं त्यांच्या उजव्या खांद्यावर उभी राहिले. त्यांचा गुडघा कटकन वाजला. ते कण्हले, पण उठले. काठ हाताला लागला, मी पोटावर घसटत वर गेले आणि गवतावर पालथी पडले.

उठले ती आधी मोटरच्या खोलीकडे धावले, लाल बटण दाबलं आणि परत आले. लोखंडी शिडी पलीकडेच पडली होती. ती ओढत काठापर्यंत आणली, हात लाल झाले. मामंजी खाली गुडघाभर पाण्यात उभे, तोंड वर करून.

"टाक शिडी."

मला शिडी टाकायची होती. खरंच होती. पण हात हलेनात. ती एकदा खाली गेली की सगळं पुन्हा जिथल्या तिथं जाणार, दार, पदर आणि 'बघू'.

"मामंजी, मला सोमवारी सांगलीला जायचंय."

त्यांनी उजवा कान वर केला. "काय?"

"मला सोमवारी सांगलीला जायचंय!" शिडी जात असताना जो आवाज निघाला नव्हता तो आता असा निघाला की आत्याबाई पिठाच्या हातांनी मागच्या दारात आल्या.

"हौद बंद झाला का?" खालून प्रश्न आला.

"झाला."

मामंजींनी भिंतींकडे बघितलं, पायाभोवतीच्या पाण्याकडे बघितलं. 

"मग जा," ते म्हणाले.

मी शिडी सोडली. ते वर आले तेव्हा त्यांचेही तळवे लाल होते. माझ्याकडे न बघता ते घरात गेले. मोटर पुन्हा लावून हौद अर्धा भरल्यावर ताडपत्री मी आणि आत्याबाईंनी ओढली.

रविवारभर ते काहीच बोलले नाहीत. आत्याबाई जर्सी धुवायला घेऊन बसल्या. चुना निघाला, मोरचुदाची निळी खूण निघेना. पाच बोटं, टाच, सगळं स्पष्ट. आत्याबाईंनी खांदा बघितला, माझ्या पायाकडे बघितलं आणि साबण खाली ठेवला. मला वाटलं, संपलं. सासऱ्याच्या खांद्यावर पाय देणारी सून, ही गोष्ट मळ्याबाहेर गेली तर मला उंबरा ओलांडू देणार नाहीत. ट्रंक भरली, पुन्हा रिकामी केली, पुन्हा भरली. शनिवारचं 'जा' त्यांनी दिलं होतं की मी त्यांच्याकडून उपटलं होतं, हे मला तेव्हा ठरवता येईना. अजूनही येत नाही.

सोमवारी उजाडताना बाहेर गाडी जुंपलेली होती. मामंजी पुढे बसलेले, अंगात तीच जर्सी.

उंब्रजच्या स्टँडवर ओळखीचे लोक भेटणारच. गुऱ्हाळवाले शेजारी कराडला निघाले होते. रामराम झाला आणि त्यांची नजर खांद्यावर गेली.

"सुभेदार, हे काय हो जर्सीवर?"

 मी पदर नाकापर्यंत ओढला.

"सुनंचा पाय हाय," मामंजी म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज, अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा. "हौदात अडकलो हुतो. मला पवता येत न्हाई. हिनं भायेर काढलं. आता मास्तरीण म्हणून सांगलीला चाललीया."

  एसटी आली. मामंजींनी ट्रंक वर चढवली आणि मी खिडकीशी बसल्यावर खाली येऊन उभे राहिले.

"पुढच्या दिवाळीला भाऊबीज करूनच ये," ते म्हणाले. "हौद थांबंल."

मला खूप काही म्हणायचं होतं. पण कंडक्टरनं घंटी मारली आणि तोंडातून एवढंच निघालं, "बरं." त्यांचा डावा कान माझ्याकडे होता. ते त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही.